अर्ध्या नावाची नाणी : मध्ययुगीन रशियातल्या छोट्या राजांच्या चांदीचा आढावा

करंगळीच्या नखाएवढा चांदीचा पातळ तुकडा. आकार धड गोल नाही, धड लांबटही नाही. वजन एक ग्रॅम, बहुतेकदा त्याहून कमी. एका बाजूला कोंबडा, पक्षी किंवा कुऱ्हाड घेतलेला माणूस, आणि भोवती स्लाव्ह लिपीतली अक्षरं. ती पुरी मात्र नाहीत. राजाच्या नावातला मधला भाग उमटलाय, सुरुवात आणि शेवट तुकड्याच्या कडेबाहेर राहिलेत. पालथ्या बाजूला अरबी वळणाच्या रेघा. चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून पुढची जवळपास दीडशे वर्षं रशियन भूमीत मॉस्कोपासून रियाझानपर्यंत आणि त्वेरपासून गालिचपर्यंत वीसहून अधिक ठिकाणी अशी नाणी पाडली जात होती. रशियन भाषेत या नाण्याचं नाव ‘देंगा’.

एवढ्याशा नाण्यांकडे इतक्या गांभीर्याने का पाहायचं? त्या काळाचा रशियाचा इतिहास आपल्यापर्यंत आला तो बहुतांशी इतिवृत्तांतून. ही इतिवृत्तं जिंकणाऱ्यांच्या छायेत, विशेषतः मॉस्कोत, पुन्हा पुन्हा लिहिली गेली. हरलेल्या घराण्यांची बाजू त्यांत झाकली गेली, कित्येक छोट्या राजांच्या वाट्याला जन्म आणि मृत्यूची एकेक ओळ आली. नाणं मात्र त्या राजाने स्वतः पाडलेलं असतं. त्यावरची पदवी त्याने स्वतः निवडलेली, चित्र त्याच्या मर्जीचं, चांदी त्याच्या ऐपतीची. नंतरच्या कुणा लेखनिकाला त्यातलं अक्षर खोडता आलेलं नाही. म्हणून ही नाणी म्हणजे हरलेल्यांच्या हातचा दस्तऐवज आहे, असं मला ठामपणे वाटतं. तो कसा तयार झाला, काय सांगतो आणि आज कितपत वाचता येतो, याचा हा आढावा.

नाण्यांविना गेलेला काळ

रशियन भूमीला नाणं नवीन नव्हतं. नवव्या-दहाव्या शतकांत मध्य आशियातले अरबी लिपीतले दिरहम व्होल्गेच्या वाटेने मोठ्या प्रमाणावर इथे येत. तो ओघ आटल्यावर पश्चिम युरोपातले दिनार आले. कीवच्या व्लादिमीर राजाने दहाव्या शतकाच्या अखेरीस स्वतःच्या नावाची सोन्याची आणि चांदीची नाणी पाडली, पण ती परंपरा थोड्याच काळात थांबली. बाराव्या शतकात परदेशी नाण्यांचाही पुरवठा संपला आणि मग चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत मोठे व्यवहार चालले ते चांदीच्या लगडींवर. कीवची लगड सहा कोनांची, सुमारे १६० ग्रॅमची. नोव्हगोरोदची कांडीसारखी, सुमारे २०० ग्रॅमची. या कांडीलाच तेराव्या शतकाच्या अखेरीपासून ‘रुबल’ म्हटलेलं आढळतं. रुबल नावाचं नाणं तेव्हा नव्हतं. रुबल म्हणजे चांदीचं एक वजन, आणि पुढे नुसता हिशोबाचा आकडा.

रशियात त्या काळी चांदीच्या खाणी नव्हत्या. चांदी यायची ती नोव्हगोरोदमधून. जर्मन व्यापारी ती आणत आणि बदल्यात फर आणि मेण घेऊन जात. त्यातली मोठी रक्कम दरसाल दक्षिणेला, ‘गोल्डन होर्ड’ या मंगोल सत्तेकडे खंडणी म्हणून जायची. १२३७ ते १२४० च्या स्वाऱ्यांनंतर रशियन राजे या होर्डच्या खानाचे मांडलिक झाले होते. राज्यावर बसायला खानाची सनद लागे आणि सनदेसोबत खंडणीची जबाबदारी येई. होर्डकडे स्वतःच्या टांकसाळी होत्या आणि त्यांची चांदीची नाणी रशियाच्या सीमेवरच्या बाजारांत फिरत. ‘देंगा’ हा शब्द आला तो याच तुर्की-तातारी व्यवहारातून. तांब्याच्या बारीक नाण्याला पुढे ‘पुलो’ नाव मिळालं, त्याचं मूळ अरबी ‘फुलूस’मध्ये आहे. आपल्यावर राज्य करणाऱ्यांचाच शब्द रशियन माणसाने पैशासाठी घेतला आणि आजही रशियन भाषेत पैशाला ‘देंगी’च म्हणतात.

पहिला ठसा आणि त्यावरचा वाद

नव्या नाण्यांची सुरुवात साधारणपणे १३७० ते १३८० च्या दशकांतली मानली जाते. मॉस्कोत द्मित्री दोन्स्कॉय (कारकीर्द १३५९ ते १३८९), सुझ्दाल आणि निझ्नी नोव्हगोरोदमध्ये त्याचा सासरा द्मित्री कोन्स्तान्तिनोविच, आणि दक्षिणेला रियाझानमध्ये ओलेग इव्हानोविच. हे तिघे या कथेतले पहिले मानकरी.

मॉस्कोच्या सुरुवातीच्या देंगांवर ‘महाराजा द्मित्री याची मुद्रा’ अशा अर्थाचा लेख असतो. यातला ‘मुद्रा’ हा शब्द महत्त्वाचा आहे. कागदावर मेणाची मुद्रा उठवून राजा जशी ग्वाही देतो, तशीच ग्वाही चांदीच्या तुकड्यावर, ही त्यामागची कल्पना. मात्र त्याच नाण्यांपैकी अनेकांच्या पालथ्या बाजूला अरबीत होर्डचा सुलतान तोख्तामिश खान याचं नाव आणि त्याच्या दीर्घायुष्याची प्रार्थना असते. द्मित्रीने १३८० मध्ये कुलिकोवोच्या मैदानावर होर्डच्या ममाईचा पराभव केला, आणि दोनच वर्षांनी तोख्तामिशने मॉस्को जाळलं. नाण्याच्या दोन बाजूंवर जणू ही दोन्ही वर्षं आहेत.

इथेच या विषयातला जुना वाद सुरू होतो. अभ्यासकांच्या एका गटाने या नाण्यांत राष्ट्रीय उभारी पाहिली. मान वर काढणाऱ्या राजाने स्वतःचं नाणं पाडलं, असं त्यांचं म्हणणं. दुसऱ्या गटाने खानाच्या नावावर बोट ठेवलं. मांडलिकाने धन्याच्या परवानगीने आणि खंडणीच्या सोयीसाठी पाडलेलं हे नाणं आहे, असं ते म्हणतात. मला दोन्ही उत्तरं अपुरी वाटतात, आणि त्याचं कारण नाण्यांतच आहे. १३९० च्या दशकात तैमूरने तोख्तामिशची सत्ता मोडली, तरी मॉस्कोच्या नाण्यांवर त्याचं नाव नंतरही येत राहिलं. पुढे पुढे त्या अरबी ओळीचे नुसते फराटे झाले. ठसा कोरणाऱ्याला ती वाचता येत नव्हती आणि नाणं घेणाऱ्यालाही वाचायची नव्हती. सत्तर-ऐंशी वर्षांनी मॉस्कोचा महाराजा इव्हान तिसरा याच्या काही नाण्यांवर अरबी पुन्हा सुवाच्य होते, पण तिथे खान नाही. तिथे अरबी अक्षरांत ‘इबान’ लिहिलंय, म्हणजे खुद्द इव्हान, आणि काही नाण्यांवर हे मॉस्कोचं नाणं असल्याचं सांगितलंय. अरबी लेखाने सुरुवातीला मांडलिकत्व सांगितलं, मग तो बाजाराच्या सवयीचा भाग झाला आणि शेवटी पूर्वेकडच्या व्यापाऱ्यांना ओळख पटवणारी खूण ठरला. एकच लिपी, पण तीन पिढ्यांत तिचे तीन अर्थ. पहिल्या पिढीचं नाणं पाहून तिसऱ्या पिढीचा निकाल दिला की गफलत होते.

रियाझानची वाट निराळी होती. गवताळ मैदानाच्या अगदी कडेवरच्या या राज्यात होर्डची नाणी आधीपासूनच हातोहात फिरत होती. रियाझानने प्रथम त्या नाण्यांवर आणि त्यांच्या नकलांवर स्वतःची छोटी खूण ठोकली. हे नाणं आमच्या मुलखात चालेल, असा तो शिक्का. स्वतःचं पूर्ण नाणं नंतर आलं. दुसऱ्याच्या नाण्यावर आपली हमी ठोकणं ही नाणं पाडण्याकडे जाणारी सगळ्यात स्वस्त पायरी होती.

तार, ऐरण आणि ठशाबाहेर राहिलेली अक्षरं

ही नाणी अशी वेडीवाकडी का, हे समजायचं तर ती पाडण्याची पद्धत पाहावी लागते. चांदीची लांब तार ओढायची, तिचे सारख्या लांबीचे तुकडे तोडायचे, ते हातोडीने चपटे करायचे आणि दोन ठशांच्या मध्ये ठेवून वरच्या ठशावर घाव घालायचा. तारेची जाडी सारखी असली की प्रत्येक तुकड्याचं वजन आपोआप जवळपास सारखं येतं आणि एकेक तुकडा तोलत बसावं लागत नाही. पत्र्यातून गोल चकत्या कापल्या की कातरण उरतं आणि ते पुन्हा वितळवावं लागतं. इथे काहीच वाया जात नाही. चांदी बाहेरून विकत आणावी लागणाऱ्या मुलखाला ही पद्धत फार सोयीची होती आणि ती पीटर द ग्रेटच्या काळापर्यंत टिकली. तार जिथे तोडली त्या टोकाचा बारीक कोंब अनेक नाण्यांवर आजही दिसतो. पुढच्या काळात अशा नाण्यांना माशाच्या खवल्यावरून नाव पडलं.

या पद्धतीचा एक परिणाम अभ्यासकांच्या वाट्याला आला. ठसा मोठा असतो आणि तुकडा लहान. त्यामुळे ठशावरचा पूर्ण लेख एका नाण्यावर सहसा उमटत नाही. घाव डावीकडे पडला तर नावाचा आरंभ सापडतो, उजवीकडे पडला तर शेवट. पूर्ण लेख वाचायचा तर एकाच ठशाची अनेक नाणी शेजारी शेजारी मांडावी लागतात.

नाणी पाडण्याचं काम सरकारी कारखान्यात होतच असे असं नाही. चांदीचे कारागीर ते मक्त्याने घेत, चांदी आणणाऱ्याकडून मजुरी घेत आणि त्यातला वाटा राजाच्या खजिन्यात जाई. म्हणूनच एखाद्या चिमुकल्या राज्यालाही टांकसाळ परवडत होती. ऐरण, हातोडा, ठशांची जोडी आणि हात बसलेला एक माणूस एवढं भांडवल पुरे होतं. त्वेरच्या काही नाण्यांवर तर हा माणूसच दिसतो, हातोडा उगारून कामाला भिडलेला. ज्याचं नाव कुठे लिहिलं गेलं नाही, त्या कारागिराने स्वतःचं काम नाण्यावर कोरून ठेवलं.

वाटणीचे राजे

रशियन भाषेत ‘उदेल’ म्हणजे वाटणीला आलेला वाटा. राजा मेला की मुलांमध्ये मुलखाची वाटणी होई, थोरल्याला महाराजपद आणि धाकट्यांना वाटे. वाट्याच्या धन्याला आपल्या मुलखात कर, न्याय आणि नाणं यांचे हक्क असत. एका गोष्टीत मात्र त्याचे हात बांधलेले होते. होर्डशी बोलणी फक्त महाराजाने करायची, ही अट राजांमधल्या तहांत पुन्हा पुन्हा येते. बाहेरच्या जगाशी बोलायचं दार असं बंद झाल्यावर आपण राजे आहोत हे सांगायला उरलेल्या थोड्या जागांपैकी एक म्हणजे नाणं.

सेर्पुखोवचा व्लादिमीर आंद्रेयेविच हा द्मित्री दोन्स्कॉयचा चुलत भाऊ. कुलिकोवोच्या लढाईत दोघे खांद्याला खांदा लावून लढले. मॉस्को शहराच्या उत्पन्नातला एक तृतीयांश हिस्साही त्याच्या घराण्याकडे होता. त्याच्या नाण्यांपैकी काहींवर एका बाजूला त्याचं नाव आहे आणि दुसऱ्या बाजूला मॉस्कोच्या महाराजाचं. असं दुहेरी नाणं म्हणजे चांदीवर लिहिलेला तहच. थोरला कोण आणि धाकटा कोण हे त्यात मान्य आहे, पण धाकट्याचं नावही पुसलेलं नाही.

रोस्तोवची गोष्ट आणखी बोलकी आहे. त्या जुन्या शहराचे घराण्याच्या दोन शाखांत दोन भाग झाले होते. रोस्तोवच्या काही नाण्यांवर दोन्ही शाखांच्या राजांची, आंद्रेई फ्योदोरोविच आणि कोन्स्तान्तिन व्लादिमिरोविच यांची, नावं एकत्र येतात. शहर वाटलं गेलं, पण टांकसाळ वाटून घेण्याएवढी मोठी नव्हती.

दोन्स्कॉयच्या मुलांपैकी द्मित्रोवच्या प्योत्रने नाणी पाडली, मोझाइस्कच्या आंद्रेईनेही पाडली. आंद्रेईच्या दोन मुलांचे मार्ग वेगळे झाले. मोझाइस्कचा इव्हान १४४६ च्या फेब्रुवारीत द्मित्री शेम्याकाच्या, म्हणजे मॉस्कोच्या गादीसाठी वासिली दुसऱ्याशी लढणाऱ्या त्याच्या चुलत भावाच्या, बाजूने होता. महाराजा वासिली दुसरा त्रोइत्सा मठात प्रार्थनेला गेला असताना त्याला पकडून आणण्याचं काम याच इव्हानने केलं. पुढे १४५४ मध्ये त्याला लिथुआनियात पळून जावं लागलं. त्याचा भाऊ वेरेयाचा मिखाईल जन्मभर मॉस्कोशी एकनिष्ठ राहिला, पण त्या निष्ठेने त्याचं राज्य वाचलं नाही. एकेका नव्या तहागणिक त्याचे हक्क आक्रसत गेले. त्याचा मुलगा १४८३ मध्ये लिथुआनियात पळाला, आणि १४८६ मध्ये मिखाईल वारल्यावर वेरेया आणि बेलोओझेरो मॉस्कोत विरून गेलं. भांडलेला भाऊ आणि नमलेला भाऊ, दोघांच्याही टांकसाळी बंद झाल्या. इतिवृत्तात एक द्रोही आणि दुसरा निष्ठावंत आहे. नाण्यांच्या पेटीत मात्र दोघे एकाच खणात, एकाच वजनाचे.

या नाण्यांवरच्या चित्रांबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं. हातावर ससाणा घेतलेला स्वार, सिंहाचा जबडा फाडणारा शमशोन, माणसाचं धड असलेला घोडा, स्त्रीमुखी पक्षी, शेपटी उंच केलेला चित्त्यासारखा पशू. देवाच्या किंवा संतांच्या प्रतिमांपेक्षा शिकार आणि अद्भुत प्राणी इथे जास्त आढळतात. काही नाण्यांवर राजाचं नाव बाजूला ठेवून इशारा कोरला आहे : वेड्या माणसापासून सावध राहा. हा वेडा कोण? बंडखोर शेजारी, खोटी नाणी पाडणारा, की बायबलमधल्या नीतिवचनांतला मूढ? अभ्यासकांचं यावर एकमत नाही. तरी भावांनी भावांचे डोळे काढण्याच्या त्या शतकात कुणाला तरी ही ओळ नाण्यावर लिहावीशी वाटली, यातच पुष्कळ काही आहे.

त्वेर : हरलेली राजधानी

छोट्या राज्यांमध्ये सगळ्यात मोठं होतं त्वेर. मॉस्कोशी महाराजपदासाठी बरोबरीने झुंजलेलं आणि अखेर मागे पडलेलं. इव्हान मिखाइलोविच, बोरिस अलेक्सांद्रोविच आणि मिखाईल बोरिसोविच या तिघांच्या कारकिर्दींत त्वेरची चांदी आणि तांबं भरपूर पाडलं गेलं. तांब्याच्या ‘त्वेरच्या पुलो’ने बाजारातल्या किरकोळ देवघेवीची गरज भागवली. भाजीपाल्याला चांदीची देंगा फार मोठी पडे. त्वेरच्याही आत वाटे होते, काशिन, मिकुलिन आणि गोरोदोक. गोरोदोकच्या नाण्यांवर तर राजाच्या नावाऐवजी ‘गोरोदोकची देंगा’ असाच लेख दिसतो. राज्याचं राज्य, त्यातला वाटा, आणि त्या वाट्यालाही आपल्या गावाचं नाव नाण्यावर हवंच होतं.

मराठी वाचकाचा या त्वेरशी एक खराखुरा धागा आहे. चौलच्या बंदरात उतरून जुन्नरला पावसाळा काढणारा आणि पुढे बीदरपर्यंत गेलेला अफानासी निकितिन याच त्वेरचा व्यापारी. मिखाईल बोरिसोविचच्या राज्यातून तो १४६० च्या दशकाच्या अखेरीस निघाला. त्याने सोबत एक घोडा आणला होता, आणि जुन्नरला पोहोचेपर्यंत हा घोडा आपल्याला शंभर रुबलला पडला, असा हिशोब त्याने लिहून ठेवला आहे. रुबल नावाचं नाणं त्या वेळी जगात कुठेच नव्हतं. सह्याद्रीच्या पायथ्याशी बसून तो मनात मोजत होता त्या हजारोंनी देंगा, आपल्या गावच्या कारागिरांनी तारेतून पाडलेल्या. निकितिन मायदेशी परतताना घरी पोहोचण्याआधीच वारला. त्वेरचं राज्यही त्यानंतर फार टिकलं नाही. १४८५ मध्ये मॉस्कोचं सैन्य आलं, मिखाईल लिथुआनियात पळाला आणि टांकसाळ इव्हान तिसऱ्याच्या ताब्यात गेली.

यादवीचं वजन

नाण्यावरचा लेख खोटं बोलू शकतो, वजन सहसा बोलत नाही. द्मित्री दोन्स्कॉयची देंगा सुमारे एक ग्रॅमची. मॉस्कोच्या हिशोबात दोनशे देंगांचा एक रुबल, म्हणजे दोनशे ग्रॅमच्या आसपास चांदी. जुन्या नोव्हगोरोदी लगडीशी हा हिशोब जुळतो. त्याचा मुलगा वासिली पहिला याच्या कारकिर्दीच्या अखेरीस देंगा पाऊण ग्रॅमच्या आसपास आली. मग १४२५ मध्ये नऊ वर्षांचा वासिली दुसरा गादीवर बसला आणि त्याचा काका, गालिचचा युरी द्मित्रियेविच, गादीवर हक्क सांगू लागला. पाव शतकाहून जास्त काळ यादवी चालली. युरीने १४३३ मध्ये आणि पुन्हा १४३४ मध्ये मॉस्को घेतलं आणि तिथेच तो वारला. त्याच्यामागून त्याचे मुलगे लढत राहिले. १४४५ मध्ये वासिली तातारांच्या हाती सापडला आणि जबर खंडणी कबूल करून सुटला. पुढच्याच वर्षी युरीचा मुलगा द्मित्री शेम्याका याने त्याचे डोळे काढून मॉस्को बळकावलं. आंधळा वासिली परत आला, आणि १४५३ मध्ये शेम्याका नोव्हगोरोदमध्ये विषप्रयोगाने मेला.

या काळात देंगा घसरत घसरत अर्ध्या ग्रॅमच्याही खाली गेली. इव्हान तिसऱ्याच्या वेळी ती सुमारे ०.४ ग्रॅमवर स्थिरावली. हिशोबात दोनशे देंगांचा रुबल कायम राहिला, पण त्यातली चांदी दोनशे ग्रॅमवरून ऐंशीवर आली. फौजा पोसायच्या, खंडणी द्यायची आणि चांदी तेवढीच, अशा वेळी प्रत्येक पक्षाने तार थोडी आणखी बारीक ओढली. यादवीचा खर्च कोणी दिला? ज्याच्या कनवटीला देंगा होत्या त्याने दिला.

याच नाण्यांवर चित्रांचं आणि शब्दांचं एक युद्धही झालं. युरीच्या पक्षाच्या नाण्यांवर भाल्याने सर्पाला मारणारा स्वार आहे. युरीचं नाव ज्याच्यावरून पडलं तो संत गेऑर्गी अनेकांना त्यात दिसतो. युद्ध जिंकल्यावर वासिलीने साधी ‘महाराजा’ ही पदवी पुरेशी मानली नाही. त्याच्या नाण्यांवर ‘सगळ्या रशियाचा धनी’ अशी पदवी येते, आणि मुलगा इव्हानला सहराजा केल्यानंतर ती अनेकवचनी होते, ‘सगळ्या रशियाचे धनी’. मोठ्या राजकीय दाव्यांचा आरंभ फर्मानांत शोधला जातो. हा दावा अर्ध्या ग्रॅमच्या चांदीवर लोकांच्या हातात आधीच पोहोचला होता.

राजाशिवायची नाणी

नोव्हगोरोद आणि प्स्कोव ही शहरं नागरिकांच्या सभेने चालवलेली. तिथे उलटं घडलं. चांदी त्यांच्याच दारातून येत असूनही नोव्हगोरोदने लगडी सोडल्या त्या उशिरा. १४१० मध्ये त्यांनी लिथुआनियाची आणि बाल्टिककडची परदेशी नाणी चालू केली आणि १४२० मध्ये ती सोडून स्वतःची देंगा पाडायला सुरुवात केली. तिच्यावर कुणा राजाचं नाव नाही. एका बाजूला उभ्या व्यक्तीपुढे वाकलेली एक आकृती, दुसऱ्या बाजूला ‘महान नोव्हगोरोदची’ एवढाच लेख. वजन सुमारे ०.७९ ग्रॅम, आणि १४७८ मध्ये इव्हान तिसऱ्याने शहर घेईपर्यंत ते घसरू दिलं गेलं नाही. प्स्कोवने १४२४ च्या सुमारास तोच मार्ग धरला आणि नाण्यावर तलवारधारी मुकुटवाला चेहरा आणला. तो त्यांच्या संत झालेल्या राजाचा, दोव्हमोंतचा, मानला जातो.

पण लोकसत्ता म्हणजे आपोआप शुद्धता नव्हे. १४४७ मध्ये नोव्हगोरोदमध्ये नाण्यांवरून मोठा गदारोळ झाला. जुनी नाणी घ्यायला लोक तयार होईनात, नव्याने पाडण्यासाठी पाच कारागीर नेमले गेले, आणि चांदी ओतणारा आणि तोलणारा फ्योदोर झेरेबेत्स याच्यावर लबाडीचा ठपका आला. नगरप्रमुखाने त्याला दारू पाजून बोलतं केलं, त्याने अठरा जणांची नावं घेतली, आणि त्यांतल्या काहींना लोकांनी पुलावरून नदीत फेकलं. रशियन मध्ययुगात टांकसाळीच्या आत डोकावू देणारा असा वृत्तांत दुर्मीळ आहे. नोव्हगोरोदचं वजन टिकलं ते अशा निष्ठुर पहाऱ्याखाली. नाण्याची पत आपल्या शहराची पत आहे, हे तिथल्या लोकांना कळत होतं.

टांकसाळी बंद होतात

यारोस्लाव्ल १४६३, रोस्तोव १४७४, नोव्हगोरोद १४७८, त्वेर १४८५, वेरेया १४८६. ही मॉस्कोच्या विस्ताराची यादी म्हणून शाळेत पाठ केली जाते. ती बंद पडलेल्या स्वतंत्र ठशांचीही यादी आहे. आणि शेवटी इव्हान तिसऱ्याचं मृत्युपत्र येतं, सोळाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीचं. त्यात त्याने धाकट्या मुलांना मुलूख वाटून दिला, पण एक गोष्ट वाटली नाही. नाणी पाडायची ती थोरल्या वासिलीने, मॉस्कोत आणि त्वेरमध्ये. भावांनी आपापल्या वाट्यांत नाणी पाडायची नाहीत. सव्वाशे वर्षांहून जास्त काळ वाटणीला येत राहिलेला हा हक्क एका वाक्याने वाटणीबाहेर गेला. माझ्या मते रशियाचं एकीकरण कागदावर पूर्ण झाल्याची खूण या वाक्यात सगळ्यात स्पष्ट दिसते. प्स्कोव १५१० मध्ये आणि रियाझान १५२१ मध्ये गेलं ते या वाक्यानंतरचं उरलेलं काम.

नाण्यांची कातरण आणि खोटी नाणी यांचा त्रास मात्र वाढला होता. १५३३ मध्ये मॉस्कोत अशा गुन्हेगारांना भयंकर शिक्षा झाल्या. १५३५ पासून बाल-राजा इव्हान चौथ्याची आई येलेना ग्लिन्स्काया हिच्या राजवटीत जुनी नाणी काढून घेऊन नवी पाडण्याचा निर्णय झाला. मॉस्कोची हलकी देंगा आणि तिच्या दुप्पट वजनाची नोव्हगोरोदची देंगा, दोन्ही एकाच व्यवस्थेत बसल्या. दुप्पट नाण्यावर भाला घेतलेला स्वार आला. रशियन भाषेत भाल्याला ‘कोप्यो’ म्हणतात आणि या नाण्याचं ‘कोपेक’ हे नाव त्यावरून आलं असं मानलं जातं. मॉस्कोच्या दोनशे देंगा म्हणजे नोव्हगोरोदी शंभर, म्हणून रुबलचे शंभर कोपेक. हरलेल्या लोकसत्ताक शहराचं नाणं असं जिंकणाऱ्याच्या हिशोबाचा पाया झालं आणि आजतागायत टिकलं. छोट्या राजांच्या देंगा मात्र मुशीत गेल्या. आज उरल्यात त्या जमिनीत पुरलेल्या किंवा रस्त्यात हरवलेल्या.

वाचन कुठवर आलं

या विषयाचा पद्धतशीर अभ्यास अलेक्सांद्र चेर्तकोवच्या १८३४ च्या ग्रंथापासून सुरू झाला. अलेक्सेई ओरेश्निकोवने १८९६ मध्ये १५४७ पूर्वीच्या नाण्यांची सूची दिली आणि ती पुढच्या पिढ्यांना पायाभूत ठरली. विसाव्या शतकात वालेन्तिन यानिनने वजनपद्धती उलगडल्या, हर्मिताज संग्रहालयातल्या इव्हान स्पास्कीने सगळ्या नाणेव्यवस्थेचा वाचनीय इतिहास लिहिला, निना मेत्सने वासिली दुसऱ्याच्या नाण्यांची क्रमवारी लावली आणि गेर्मान फ्योदोरोव-दाविदोवने मॉस्को आणि निझ्नी नोव्हगोरोदवर स्वतंत्र ग्रंथ दिले. तांब्याच्या पुलोंकडे आणि चांदीच्या बारीक भागांकडे प्योत्र गाइदुकोवने लक्ष वेधलं. यांतल्या अनेकांचं मुख्य हत्यार ठशांची जुळणी हे आहे. एक ठसा झिजला की तो बदलतो, जोडीचा दुसरा चालू राहतो. कोणता ठसा कोणाबरोबर आला याची साखळी लावली की निनावी, निर्वर्ष नाणीही काळाच्या ओळीत उभी राहतात.

गेल्या तीन-चार दशकांत धातुशोधक यंत्रांमुळे पूर्वी कधी न पाहिलेले प्रकार मोठ्या संख्येने समोर आले. अभ्यास त्यामुळे वाढला आणि जखमीही झाला. निनावी देंगा कोणत्या राजाची हे बहुतेकदा ती कुठे सापडली यावरून ठरतं. शेतातून गुपचूप उचलून बाजारात आलेल्या नाण्याचं गाव हरवलेलं असतं. रशियाने २०१३ मध्ये परवानगीविना अशा शोधावर कडक कायदा केला, पण तोवर असंख्य नाणी आपला पत्ता हरवून बसली होती. छोट्या राजांच्या बाबतीत हे नुकसान अधिक बोचतं. मॉस्कोच्या महाराजाचे तह, पत्रं आणि इतिवृत्तं शिल्लक आहेत. एखाद्या वाटणीच्या राजाजवळ आपली बाजू मांडायला त्या नाण्याव्यतिरिक्त काहीच नाही, आणि तेच कुठलं हे सांगता येईनासं होतं.

म्हणून एखादी देंगा एकटी विकायला ठेवलेली दिसली की मला हळहळ वाटते. एका नाण्यावर ‘मिखा’ एवढंच असतं, दुसऱ्यावर मधली अक्षरं, तिसऱ्यावर ‘आंद्रेयेविच’चं शेपूट. तिन्ही एका टेबलावर, आपापल्या गावाच्या नोंदीसह, शेजारी शेजारी आली की वेरेयाचा राजा पाचशेहून अधिक वर्षांनी आपलं नाव पुरं सांगतो. ठसा कोरणाऱ्याने ते पुरंच कोरलं होतं.